आपल्याच माणसांपुढे



'सामाजिक उलथापालथीच्या काळातले ख्रिस्ती नेतृत्व' हा विषय कळवला तेव्हा देवरुखच्या संयोजकांपैकी एकांनी फोनवर थोडे अडखळतच विचारले, "सर, आमच्याकडे ख्रिस्ती वस्ती ती किती! लोकांना हा विषय आपला वाटेल का?" शंका रास्त होती. उत्तर व्यासपीठावरून देतो म्हणालो होतो, ते आता देतो.

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी याच देवरुखची माहेरवाशीण होती. गोदूबाई, जोशांची लेक, नातूंची सून. आठव्या वर्षी लग्न, आणि लग्नाला तीन महिने होतात न होतात तोच वैधव्य. भाऊ नरहरपंत मुंबईला होते. त्यांनी बहिणीला नेऊन रमाबाईंच्या हवाली केले. चार वर्षांनी, योगायोगाने पुन्हा ११ मार्चलाच, याच गोदूबाईंचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्व्यांशी झाला आणि त्या आनंदीबाई, पुढे सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या. कर्व्यांवर त्यांच्या गावी, मुरुडात, बहिष्कार पडला, हे तुम्हा कोकणवासीयांना मी सांगायला नको. एका ख्रिस्ती बाईने उघडलेल्या घरात देवरुखची एक हिंदू मुलगी शिकली, शेवटपर्यंत हिंदूच राहिली, आणि तिच्या संसारातून कर्व्यांच्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षणाच्या कामाला हात मिळाला. तेव्हा हा विषय देवरुखच्या अंगणातला आहे, फक्त इतकी वर्षे तिकडे कुणी पाहिले नाही.

आता मुद्द्याकडे. धाडसी नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजापुढे छाती काढून उभा राहिलेला माणूस येतो. ते चित्र खोटे नाही. पण समाज खवळलेला असतो तेव्हा बाहेरच्यांविरुद्ध बोलणाऱ्या पुढाऱ्याला त्याची माणसे खांद्यावर घेऊन नाचतात. त्याला टाळ्या मिळतात, हार मिळतात, पुढे तिकीटही मिळते. त्याला मी धाडस म्हणायला जरा बिचकतो. आपल्याच माणसांना जे ऐकवत नाही ते त्यांच्या तोंडावर सांगणे, तेही ती माणसे आधीच घाबरलेली असताना, हे फार अवघड. अल्पसंख्य समाजाच्या धर्मगुरूला तर ते दुप्पट अवघड. बाहेरचे त्याच्याकडे संशयाने बघतात आणि घरचे म्हणतात, "फादर, आपण थोडे लोक. गप्प राहू या. आपले चव्हाट्यावर कशाला?" आजच्या व्याख्यानात मी ज्या तिघांविषयी विस्ताराने बोलणार आहे, त्या तिघांनाही हे घरचे 'गप्प राहू या' ऐकावे लागले.

त्याआधी एक परदेशातला प्रसंग सांगतो, कारण माझ्या डोक्यातली धाडसाची व्याख्या तिथूनच पक्की झाली. जुलै १९८५. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्धचा लढा ऐन भरात. दुदुझा नावाच्या काळ्यांच्या वस्तीत पोलिसी दडपशाहीत मेलेल्यांची अंत्ययात्रा होती. नोबेल मिळून वर्ष झालेले नव्हते, ते जोहान्सबर्गचे बिशप डेस्मंड टुटू तिथे होते. गर्दीने एका माणसाला पकडले. तो पोलिसांचा खबऱ्या आहे, असा संशय. त्याची गाडी पेटवली आणि त्यालाही त्या आगीत ढकलायला निघाले. टुटू आणि त्यांचे सहकारी बिशप सिमियन न्कोआने झग्यांसकट गर्दीत घुसले आणि त्यांनी तो माणूस बाहेर काढला. गर्दी गोऱ्यांची नव्हती. त्यांच्याच लोकांची होती, त्यांच्याच बाजूने लढणारी, पोटचा मुलगा गमावलेली. काही दिवसांनी त्याच वस्तीत माकी स्कोसाना या तरुणीला जमावाने असेच ठार केले, तेव्हा टुटूंनी भर अंत्यविधीत सांगितले की हे थांबले नाही तर मी बायकामुलांना घेऊन हा देश सोडून जाईन. वर्णद्वेषी सरकारविरुद्ध टुटूंनी केलेली भाषणे जगभर गाजली. मला त्या सगळ्यांहून दुदुझाची ती पाच-दहा मिनिटे मोठी वाटतात.

ही कसोटी घेऊन मराठी मुलखात येऊ.

रमाबाईंना 'चर्चचे नेतृत्व' या सदरात बसवले तर काहींच्या भुवया वर जातील. त्यांना दीक्षा नव्हती, पद नव्हते. असणारच कसे? त्या काळी बाईला धर्मगुरूची दीक्षा देईल असे चर्च आपल्याकडे नव्हते. पण केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो बायका-मुली, प्रार्थनामंदिर, छापखाना, शेती, विहिरी असा सगळा पसारा त्यांच्या शब्दावर चालत होता. पद नसताना हे करणारी बाई नेता नसेल तर मग पदे भूषवणारे अनेकजण कोण होते, हे सांगावे लागेल.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि जवळजवळ दुसऱ्या दिवसापासून त्यांचे चर्चशी भांडण सुरू झाले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकवू लागल्या, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदी बाईने इंग्रज मुलग्यांना शिकवणे बरे दिसत नाही म्हणे. ज्यांनी त्यांना आसरा दिला त्या सिस्टर जेराल्डिनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज छापील मिळतो, जरूर वाचा. एका भिक्षुकशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली ती दुसरीच्या जोखडात घालायला नव्हे, असा त्या पत्रांचा सूर आहे. वय पंचविशी-सत्ताविशीचे. परका देश, पदरात लहान मुलगी मनोरमा, आणि राहणे-जेवणे ज्यांच्या दयेवर त्यांनाच हे ऐकवायचे.

मायदेशी परतून सदन मुंबईहून पुण्यात आणल्यावर भांडणाची बाजू बदलली. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, असा बोभाटा झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी १८९३ मध्ये राजीनामे दिले, 'केसरी'ने तर झोड उठवली. इथे मी रमाबाईंची सरसकट वकिली करणार नाही. सदनात धर्मोपदेश होणार नाही, असा पालकांना शब्द होता. रमाबाईंचे म्हणणे, मी माझ्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करते, येणाऱ्या मुलीला हाकलून देणार नाही. हे म्हणणे प्रामाणिक असेल, पण आठ-दहा वर्षांच्या निराधार मुलीसाठी सांभाळणाऱ्या बाईचे उघडे दार म्हणजे निमंत्रणच. टीकाकारांच्या रागात खुळचटपणा बराच होता, तसा खरा मुद्दाही होता. गोदूबाई तिथून हिंदू म्हणून बाहेर पडल्या याचे श्रेय त्यांच्या स्वतःच्या कणखरपणाला जितके, तितकेच रमाबाईंच्याही मनाच्या मोठेपणाला द्यावे लागेल. इतकेच म्हणतो आणि पुढे जातो.

कारण खरी परीक्षा १८९७ मध्ये आली. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण अन्नावाचून गेलेली. त्यामुळे १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली उचलून आणायला त्या स्वतः गेल्या. त्या मुली पुण्यात आणल्या तोच प्लेग. प्लेगचा बंदोबस्त करताना सरकारने घरात शिरून तपासण्या केल्या, माणसे वेगळी काढून छावण्यांत नेली. प्लेग अधिकारी रँडची कारकीर्द तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या ती २२ जून १८९७ ची रात्रही. पण चाफेकरांच्या पिस्तुलाआधी पुण्यातून एक पत्र गेले होते. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना कशी वागणूक मिळते, तिथे नेलेल्या आपल्या सदनातल्या मुलीचे काय झाले, हे रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात नावानिशी लिहिले. हे पत्र ख्रिस्ती मंडळींचे, त्याचा वाचक ख्रिस्ती, इंग्रज, सुखवस्तू. ज्या सरकारच्या कारभारावर त्या बोट ठेवत होत्या त्याचा धर्म त्यांचाच, आणि सदनाला येणारा पैसा अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांचा. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निघाले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप साफ धुडकावले.

त्याच वर्षी आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र गोपाळ कृष्ण गोखले यांनी विलायतेत प्लेगच्या अत्याचारांबद्दल विधान केले, आणि मुंबईत उतरल्यावर पुरावा देणारा माणूस पुढे येईना म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ही माफी गोखल्यांना जन्मभर टोचली. त्या दिवसांत तोंड उघडणे किती महाग होते याचा अंदाज यावरून यावा. शहरातले मोठमोठे पुरुष साक्ष द्यायला कचरत असताना एका विधवा, बाटलेल्या, दोन्ही समाजांनी थोडेफार टाकलेल्या बाईने नाव घालून लिहिले. पुण्याने तिला त्यासाठी काही मान दिला असे दिसत नाही. ख्रिस्ती इतिहासकारही या पत्रापेक्षा १९०५ च्या मुक्तीतल्या धार्मिक जागरणावर जास्त पाने खर्चतात. मला हे उलटे वाटते.

नारायण वामन टिळक हे दुसरे नाव. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा जन्म, १८६१ चा. त्यांच्याविषयी महाराष्ट्राला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे इतके माहीत आहे की मी सांगायला जावे आणि श्रोत्यांनी माझी वाक्ये पुरी करावीत. म्हणून दोनच गोष्टी. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तो रेव्हरंड तुकाराम नथोजी या हिंदी पाळकाच्या हातून, गोऱ्या मिशनऱ्याच्या नव्हे, आणि तो आग्रह टिळकांचा. दुसरी गोष्ट १९१७ ची. बावीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनच्या आधाराने संसार केलेल्या या माणसाने मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ज्यात बसतील असा ख्रिस्तभक्तांचा मेळा. सनातनी तर आधीच दूर गेलेले होते, आता मिशनची माणसेही बिथरली. ज्याला बाप्तिस्मा नाही त्याला भाऊ म्हणायचे, तर मग आमचे काम काय, हा त्यांचा प्रश्न होता. टिळकांनी त्यांना न दुखवता, पण मागेही न हटता तोंड दिले. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला ते गेले, 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले आणि दरबारही पुढे फार चालला नाही. ज्या माणसाने मराठी चर्चला मराठीत गायला शिकवले त्याच्या या शेवटच्या पावलाची चर्च आठवण क्वचितच काढते.

आता वसई. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

वसईचा पश्चिम पट्टा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी मनात आपली एखादी ओली, सावलीची वाडी आणावी आणि ती मैलोगणती पसरावी. केळी, पानवेली, भाजीपाला, फुले. राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी. जमिनीखाली गोडे पाणी असते ते टिकते बावखलांमुळे. बावखल म्हणजे वाडीतले तळे. पावसाळ्यात भरते, जमिनीत मुरते, विहिरींना पाझरते, आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकू देत नाही. पोर्तुगिजांच्या काळात, म्हणजे १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, इथला मोठा समाज ख्रिस्ती झाला. पण शेती, पोशाख, बोली, लग्नातली गाणी, सगळे इथलेच राहिले. नंदाखालच्या अशाच एका सामवेदी ख्रिस्ती घरात फ्रान्सिस दिब्रिटो वाढले. १९७२ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली, १९८३ मध्ये ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक झाले आणि २००७ पर्यंत ते काम त्यांनी केले. धर्मप्रांताचे मासिक, पण त्यांच्या काळात त्यात ख्रिस्तेतर लेखकही बरोबरीने लिहू लागले.

१९८८ च्या सुमाराला शासनाने वसई-विरारचे हिरवे क्षेत्र बांधकामाला खुले करण्याचे ठरवले. मुंबईला घरे हवी होती आणि पश्चिम रेल्वेची लोकल वसई रोडला थांबत होती. कारण खोटे नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. नालासोपाऱ्याच्या एका खोलीत सहाजण राहणाऱ्या गिरणी कामगारालाही घर लागते. पण जे झाले ते नियोजन नव्हते. आधी इमारती उभ्या राहिल्या, नंतर त्यांना पाणी नाही हे कळले. मग वाड्यांतल्या विहिरींना पंप लागले आणि टँकर भरू लागले. बावखले बुजली, विहिरी मचूळ झाल्या. जमिनीचे व्यवहार कुणाच्या धाकाखाली होत होते ते उघड बोलण्याची सोय नव्हती. ऑक्टोबर १९८९ मध्ये सुरेश दुबे या बिल्डरला नालासोपारा स्थानकात, गर्दीच्या वेळी, गोळ्या घालून मारले. या वातावरणात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि एक पाद्री तिच्या अग्रभागी आला.

सभा, मोर्चे, उपोषणे, शासनाच्या विकास आराखड्यावर हजारोंनी दाखल केलेल्या हरकती, 'सुवार्ते'तले अग्रलेख, हे सगळे झाले. धमक्याही आल्या. त्यांच्या निर्भयपणाची जी गोष्ट सांगतात ती बहुतेक इथेच संपते: गुंडांपुढे न झुकलेला फादर. मला पुढची गोष्ट सांगायची आहे. जमिनी विकणारे कोण होते? ज्यांच्या नावावर सातबारा होता ते. त्यांत ख्रिस्ती शेतकरी होते. रविवारी पहिल्या बाकावर बसून मिस्सा ऐकणारे, फादरांच्या हाताला ओठ लावणारे, चर्चच्या डागडुजीला देणगी देणारे. गुंठ्याला जो भाव येत होता तो केळीच्या बागेने तीन पिढ्यांत दिला नसता. मुलाला आखाती देशातली नोकरी सोडून परत यायचे होते, मुलीचे लग्न होते. त्यांच्यापुढे उभे राहून जमीन विकू नका म्हणणे, विकलीत तर तुमच्या विहिरीबरोबर शेजाऱ्याचीही विहीर मरते हे प्रवचनात सांगणे, यात टाळ्या नाहीत. 'फादरना काय जाते, त्यांना कुठे पोरे आहेत,' हे उत्तर ठरलेले. आणि धर्मगुरूने मिस्सा सांगावी, राजकारणात पडू नये, हे दुसरे उत्तर, ते चर्चच्या आतूनच येणारे.

इथे कोणी म्हणेल, पर्यावरण हा चर्चचा विषय कधीपासून? पोप फ्रान्सिस यांचे सृष्टीविषयीचे परिपत्रक २०१५ चे. वसईची समिती त्याच्या पाव शतक आधीची. रोममधून आदेश येण्याची वाट पाहिली असती तर वाट बघताबघता सगळी बावखले बुजली असती. शिवाय ही लढाई फक्त ख्रिस्त्यांची होऊ द्यायची नाही, हे समितीने पहिल्यापासून पाळले. हिंदू शेतकरी, आदिवासींमध्ये काम करणारे कार्यकर्ते, शिक्षक, सगळे बरोबर होते. ती चर्चची लढाई झाली असती तर विरोधकांनी तिचे दोन दिवसांत धार्मिक भांडण करून टाकले असते. अल्पसंख्य समाजातल्या पुढाऱ्यांना हा मोह फार असतो: आपल्यावर अन्याय झाला, आपण एकत्र येऊ. फादर दिब्रिटोंनी 'आपण' या शब्दात कोण कोण येते ते आधीच वाढवून ठेवले होते.

यश किती आले? खरे सांगायचे तर अर्धे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. गावांना त्यात कोंबण्याविरुद्ध पुन्हा आंदोलन पेटले आणि त्याच वर्षी त्या लाटेवर आंदोलनाचे पुढारी विवेक पंडित विधानसभेत निवडून गेले. पण पूर्वेकडे पाहिलेत तर इमारतींना अंत नाही, आणि पावसाळ्यात पाणी कुठून येते नि कुठे अडते हे कुणाला सांगता येत नाही. पश्चिमेला जो हिरवा पट्टा आज शिल्लक आहे तो मात्र आपोआप राहिलेला नाही. आपल्याकडच्या जैतापूर, नाणार, बारसू इथल्या प्रकल्पांची नावे उच्चारली की इथल्या सभागृहात चुळबूळ होते हे मला माहीत आहे. प्रकल्पांच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारी माणसे इथे एकाच रांगेत बसली असतील. मी त्या वादात पडत नाही. इतकेच विचारतो, की आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी, कीर्तनकारांनी, मौलवींनी जमीन विकणाऱ्या आपल्या माणसाला तोंडावर कधी काही विचारले का? दलालाला शिव्या देणे सोपे, तो बाहेरचा असतो.

फादर दिब्रिटोंच्या आयुष्यातला शेवटचा मोठा प्रसंग उस्मानाबादचा. सप्टेंबर २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या ९३ व्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी त्यांची एकमताने निवड झाली. पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार २०१३ मध्येच मिळालेला. फादर स्टीफन्सच्या मराठी 'ख्रिस्तपुराणा'ला चारशे वर्षे उलटून गेलेली, तरी निवड होताच महामंडळाच्या अध्यक्षांना धमकीचे फोन. उद्घाटक ना. धों. महानोरांवरही येऊ नका म्हणून दबाव आला. महानोर आले. १० जानेवारी २०२० ला दुखऱ्या पाठीने, बसून, फादर बोलले. गोड, निरुपद्रवी भाषण करून सगळ्यांची मने जिंकता आली असती. ख्रिस्ती समाजातल्या अनेकांना तेच हवे असणार: एवढा मान मिळालाय, आता कशाला कोणाला दुखवा? ते विचारस्वातंत्र्यावर बोलले, पाचच दिवसांपूर्वी दिल्लीत विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्यावर बोलले, अशा वेळी लेखकाला गप्प बसता येणार नाही असे बोलले. मग उपचारांसाठी मुंबईला परतले. विरोधकांपैकी काहीजण तेव्हा म्हणत होते की चर्चच्या आतल्या पापांवरही फादरांनी बोलावे. हेतू काही असो, मागणी रास्त आहे, आणि ती चर्चने स्वतःला करायला हवी. लहान मुलांवरच्या अत्याचारांच्या प्रकरणांत जगभरचे चर्च किती वर्षे तोंड मिटून बसले! आपल्याकडे बाप्तिस्म्याने जात जाते म्हणतात, पण सोयरीक जुळवताना ती बरोबर परत येते. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ चालले, मधली थोडी वर्षे सोडली तर. तेव्हा झगा घातलेल्यांत धाडसी किती निघाले, हे शोधायला भिंग लागेल. मी आज तीन नावे घेतली ती अपवाद म्हणूनच घेतली.

स्टॅन स्वामींचा उल्लेख टाळला तर तुम्ही मलाच भित्रा म्हणाल. झारखंडमध्ये आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी काम करणारे हे जेझुइट फादर ८ ऑक्टोबर २०२० ला भीमा कोरेगाव प्रकरणात अटक होऊन आपल्या तळोजा तुरुंगात आले. वय ८३, अंगात पार्किन्सन. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या रुग्णालयात ते वारले, तोवर खटला उभाही राहिला नव्हता. आरोप त्यांनी नाकारले होते. खऱ्याखोट्याचा निवाडा मी करणार नाही. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. ज्या कैद्यांसाठी ते वर्षानुवर्षे भांडले ते बहुतेक ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांना मते नव्हती, पैसे नव्हते, आवाज नव्हता. अशांसाठी भांडणारा धर्मगुरू स्वतःच्या संस्थेला नेहमीच थोडा अडचणीचा असतो. शाळांच्या मान्यता असतात, परदेशी देणग्यांचे परवाने असतात, रुग्णालयांच्या परवानग्या असतात. संस्था जितकी मोठी तितके तिचे भय मोठे. ज्या गावात मावशी हळब्यांनी १९५४ साली मातृमंदिर उभे केले त्या गावाला संस्था काय असते हे मी शिकवावे, असे नाही. पण ज्या संस्थेला फक्त टिकून राहायचे असते तिच्यातून रमाबाई निघत नाहीत, हे मला वाटते इथले वडीलधारे मान्य करतील.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ ला गेले. त्यांचे 'नाही मी एकला' हे आत्मकथन तुमच्या वाचनालयात नसेल तर मागवून घ्या. त्यासोबत रमाबाईंची पत्रेही मागवा. ती वाचताना कुणी काय सोसले याची यादी करत बसू नका. कुठल्या पानावर त्यांना आपल्याच माणसांनी अडवले आणि त्यांनी काय उत्तर दिले, तेवढे बघा. आणि इथे बसलेल्या कुठल्याही देवळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या, शाळेच्या, पतपेढीच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे: पुढच्या सर्वसाधारण सभेत तुमच्यातला एखादा नको तो प्रश्न घेऊन उभा राहिला, तर त्याला खाली बसवू नका. आता संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला आहे. सुरुवात मला न आवडणाऱ्या प्रश्नाने करा.